परग्रहावरील पैसा आणि तिंतिडीचे चिंचोके

आठवीची परीक्षा आटोपून आम्ही धाकट्या भावासह आजोळीं गेलों, त्या उन्हाळ्यांत आम्हीं एक ग्रह वसविला. आजोळ वाईजवळच्या एका खेड्यांत होतें. मागल्या अंगणांत एक जुनी चिंच, आणि तिच्या सावलींत मामांचीं व मावशांचीं मिळून नऊ मुलें. त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचे भाग लागत असत. इंग्रजी आम्हांस अर्धें कळे, अर्धें कळल्यासारखें वाटे. पण त्यांतील कप्तान पिकार्ड भिंतींतल्या यंत्राकडे चहा मागे, क्षणार्धांत वाफाळलेला पेला त्याच्या पुढ्यांत येई आणि तो तो उचलून चालूं लागे, हें समजावयास भाषेची गरज नव्हती. एके रात्रीं आमच्या भावानें मध्येंच विचारलें, "दादा, त्यानें पैसे कुठें दिले?" आम्हांस उत्तर सुचेना. आजोबा आरामखुर्चींत पेंगत होते, ते डोळे न उघडतांच म्हणाले, "उधारी असेल."

दुसऱ्या दिवशीं ग्रहाची स्थापना झाली. त्याचें 'तिंतिडी' हें नांव आजोबांनींच दिलें. संस्कृतांत चिंचेस तसें म्हणतात. गोठ्यामागें पडलेली एक मोडकी बैलगाडी हें आमचें अंतराळयान ठरलें. राज्य म्हटलें कीं पैसा हवा, याविषयीं कोणाचा मतभेद नव्हता. आणि पैसा तर झाडाखालीं पडलेलाच होता. काळा चिंचोका एकाचा, आणि दगडावर घासून एका बाजूनें पांढरा केलेला दहाचा, असा भाव ठरला. पांढरा महाग कां, हें निराळें सांगावयास नको. एक चिंचोका नीट पांढरा करीपर्यंत बोटांच्या टोकांची आग होई. वयाच्या आणि उंचीच्या बळावर आम्ही तिंतिडीच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झालों. बँक म्हणजे लोणच्याची एक रिकामी बरणी होती.

पहिले चार दिवस कारभार उत्तम चालला. झाडाखालचे चिंचोके गेल्या सालचे, मातींत मिसळलेले. ते वेंचून काढावे लागत, म्हणून त्यांस मोल होतें. विहिरीवरून एक कळशी पाणी आणल्यास पांच, रात्रीं गोठ्यापर्यंत एकट्यानें जाऊन आल्यास वीस. पांचव्या दिवशीं आम्हीं जाहीर केलें कीं, उद्यां संध्याकाळीं अंतराळयानाचा लिलाव होईल, आणि जो तें घेईल तो कप्तान.

आमच्या भावास कप्तान व्हावयाचें होतें. त्याच्यापाशीं चिंचोके थोडे, पण एक भिंग होतें. काळ्या मुठीचें, वर्गांत पहिला आल्याबद्दल वडिलांनीं त्याला दिलेलें. त्या भिंगावर आमचा डोळा पुष्कळ दिवसांचा होता. त्या संध्याकाळीं आम्हीं त्याला तीनशें चिंचोके देऊं केले. तिंतिडीच्या इतिहासांत एवढी रक्कम कोणीं पाहिली नव्हती. त्यानें क्षणभर विचार करून म्हटलें, "दादा, पांढरे देशील?" आम्हीं म्हटलें, "काळे काय आणि पांढरे काय, हिशेब एकच." त्यानें भिंग दिलें आणि वडिलांच्या जुन्या रुमालांत तीनशें काळे चिंचोके बांधून घेतले.

आतां जें लिहावयाचें तें लिहितांना आजही हात अडखळतो. त्या दिवशीं सकाळीं आजी स्वयंपाकघरांत आमच्यादेखत मामींना म्हणाली होती, "उद्यां चिंचा फोडायला बायका येणार आहेत." माजघरांत सालभराच्या चिंचेचीं पोतीं होतीं. त्यांत काय आहे हें मुलांपैकीं फक्त आम्हांस ठाऊक होतें, आणि तें ठाऊक असतांना आम्हीं भिंग विकत घेतलें.

दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत ओसरीवर चिंचोक्यांचा ढीग पडला. मुलांनीं खिसे भरले, मुलींनीं ओचे भरले, कोणीं टोपी भरली. संध्याकाळीं बैलगाडीची पहिलीच बोली हजाराची झाली, दुसरी तीन हजारांची. मग आमच्या एका मामेबहिणीनें गंभीरपणें सांगितलें कीं, यापुढें ती काळा चिंचोका घेणार नाहीं, पांढराच घेईल. आणि पाहतां पाहतां सर्वांनीं तेंच ठरविलें. ढीग कितीही मोठा झाला तरी घासणाऱ्या बोटांची संख्या वाढली नव्हती, हें अर्थशास्त्र त्या नऊ वर्षांच्या मुलीस कोणीं शिकविलें नव्हतें. आमचा भाऊ रुमाल धरून उभा होता. तो रडला नाहीं. त्यानें जवळ येऊन हळूच विचारलें, "दादा, माझे तीनशें कालचे आहेत. ते वेगळे ना?"

आम्हीं उत्तर दिलें, "चिंचोक्यावर तारीख नसते."

या गोष्टीस पुष्कळ वर्षें लोटलीं. ती आम्ही विसरलोंही असतों. परंतु दहावींत असतांना वाचनालयांत डग्लस ॲडम्स या इंग्रज विनोदी लेखकाचें एक पुस्तक हातीं आलें. तें १९८० सालचें. विश्वाच्या अखेरीस असलेलें उपाहारगृह, असा त्याच्या नांवाचा अर्थ. त्यांत एका दूरच्या ग्रहावरील लोक आपल्यापैकीं निरुपयोगी वाटलेल्या मंडळीस यानांत घालून कायमचे हांकलून देतात, आणि ती मंडळी आदिकालांतील पृथ्वीवर येऊन आदळते. येथें आल्यावर ते ठरवितात कीं, झाडाचें पान हेंच यापुढें चलन. अर्थात् सर्वजण तात्काळ श्रीमंत होतात. मात्र पानांचा सुकाळ एवढा, कीं एक भुईमुगाचा दाणा घ्यावयास तीन अरण्यें मोजावीं लागूं लागतात. मग चलनाचें मोल वाढविण्यासाठीं एक थोर उपाय योजण्यांत येतो: अरण्यें जाळून टाकावयाचीं.

वाचनालयांत इतर मुलें या पानावर हंसलीं. आम्हांस हंसूं आलें नाहीं. आम्हांस ओसरीवरचा ढीग दिसला.

त्याच पुस्तकांत आकाशगंगेच्या चलनांचें एक वर्णन आहे, तें आमच्या विद्यार्थिमित्रांस अवश्य सांगावेंसें वाटतें. एक चलन नुकतेंच कोसळलेलें. दुसरें एक मणी. ते मणी देऊन केवळ तसलेच मणी मिळतात. तिसऱ्याचें नांव 'पू'. आठ 'निंगी' म्हणजे एक पू, हा हिशेब सोपा. परंतु निंगी हें रबराचें त्रिकोणी नाणें असून त्याची प्रत्येक बाजू ६,८०० मैलांची असल्यामुळें एक पू होण्याइतकीं नाणीं आजवर कोणीं गोळा केलेलीं नाहींत. बरें, सुटी निंगी घेऊन बँकेंत जावें तर एवढी किरकोळ मोड आम्ही घेत नाहीं, असें बँका सांगतात! यांतील थट्टा वरवरची नाहीं. जें नाणें कोणापासून कोणाकडे जाऊंच शकत नाहीं, तें कितीही भव्य असलें तरी नाणें नव्हे.

त्यानंतर आम्हांस एक छंदच जडला. विज्ञानकथा वाचावयास घेतली कीं प्रथम आम्ही त्या जगांत पैसा कोणता हें पाहूं लागलों. बहुतेकांनीं आमची निराशा केली. लेखक यानाचें इंजिन दहा पानें वर्णील, ग्रहांचे सूर्य मोजील. आणि पैशाची गोष्ट निघतांच 'इतके क्रेडिट' असें म्हणून पुढें जाईल. क्रेडिट म्हणजे काय, तें कोण देतो, कशाच्या भरंवशावर घेतो, याचा पत्ता नाहीं. असले लेखक आमच्या आजोबांसारखेच म्हणावयाचे. "उधारी असेल" म्हणून तेही पुन्हां डोळे मिटतात. फरक इतकाच, कीं आजोबांस त्याबद्दल कोणी मानधन देत नसे.

कांहीं थोड्यांनीं मात्र मन लावून विचार केलेला आढळला. एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकानें १८८८ सालीं इसवी सन २००० मधील बॉस्टन शहर रंगविलें. तेथें प्रत्येक नागरिकास राष्ट्राच्या उत्पन्नांतील सारखा वांटा दर वर्षीं मिळतो, आणि खर्च पुठ्ठ्याच्या एका कार्डावर टोंचून मांडला जातो. त्या कार्डास त्यानें दिलेलें नांव आज बाजारांत घरोघरच्या तोंडीं आहे: क्रेडिट कार्ड. एच्. जी. वेल्स यानें १९०५ च्या आपल्या आदर्श जगांत सोन्याच्या जागीं शक्ति हें मोलाचें माप धरावें असें सुचविलें. शक्ति म्हणजे पाण्याच्या, वाऱ्याच्या वा कोळशाच्या बळावर निर्माण होणारी काम करण्याची ताकद. फ्रँक हर्बर्टच्या १९६५ सालच्या 'ड्यून' कादंबरींत नाणें निराळें आहे, पण खरें धन म्हणजे एका वाळवंटी ग्रहावरच सांपडणारा एक मसाला. त्यावांचून ताऱ्यांमधील वाहतूकच बंद पडते. तेव्हां ज्याच्या हातीं तो ग्रह, त्याच्या हातीं सगळ्यांच्या तिजोऱ्या.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावलें तें ज्या मालिकेनें आमचा ग्रह वसला तिनेंच. भावाच्या प्रश्नाचें खरें उत्तर आम्हांस मोठेपणीं मिळालें. 'स्टार ट्रेक'मधील आमच्या वंशजांनीं पैसा सोडूनच दिलेला आहे. भिंतींतलें तें यंत्र चहाप्रमाणें वस्त्र, अन्न, अवजार, हवें तें घडवितें. जें सर्वांस हवें तेव्हां मिळतें त्याची किंमत करणार कोण? तरी त्याच विश्वांत फेरेंगी नांवाची एक व्यापारी जात आहे, आणि तिला नाण्यावांचून झोंप येत नाहीं. त्यांचें चलन 'लॅटिनम' नांवाचा एक द्रव. तो द्रव ओतून वापरणें गैरसोयीचें, म्हणून तो सोन्यांत कोंडून ठेवतात. शंभर चकत्यांची एक पट्टी, आणि वीस पट्ट्यांची एक कांब.

१९९८ सालच्या एका भागांत क्वार्क नांवाच्या फेरेंगी खाणावळवाल्यास सोन्याच्या विटांचा मोठा सांठा मिळतो. तो आनंदानें वीट उचलतो, हातांत दाबतो, आणि तिचा भुगा होतो. आंतला लॅटिनम कोणींतरी आधींच काढून नेलेला असतो. क्वार्क ऊर बडवून आक्रोश करतो, कीं येथें नुसतें कवडीमोल सोनें उरलें आहे! (तो द्रव एका गिऱ्हाइकानें आपल्या दुसऱ्या पोटांत सांठवून ठेवलेला असतो, ही गंमत निराळीच.) आम्ही हा भाग पाहत असतां आमच्या मातोश्री शेजारीं बसल्या होत्या. सोन्यास कवडीमोल म्हटल्याचें आम्हीं त्यांस समजावून सांगितलें, तेव्हां त्यांनीं आपल्या बांगड्यांकडे एकदां पाहिलें आणि "वेडीं आहेत माणसें," एवढेंच म्हणून त्या उठून गेल्या. पण त्यांनीं 'कवडीमोल' शब्दाचा विचार केला असता तर! एके काळीं याच देशांत कवडी हें नाणें होतें. तिनें बाजार होत असे. आतां ती केवळ म्हणीपुरती आणि सारीपाटापुरती उरली आहे.

असो. चलनाच्या रचनेंत बुद्धीची करमणूक आहे. परंतु एवढ्यानें कथा मनांत राहत नाहीं. ज्याच्यापाशीं तें चलन नाहीं, किंवा आहे पण चालत नाहीं, तो समोर उभा राहिला म्हणजे कथेंत जीव येतो. 'स्टार वॉर्स' मालिकेच्या १९९९ सालच्या चित्रपटांत क्वाय-गॉन नांवाचा योद्धा एका वाळवंटी ग्रहावर यानाचा सुटा भाग घ्यावयास जातो. त्याच्यापाशीं प्रजासत्ताकाचें वीस हजारांचें चलन आहे. वाटो नांवाचा उडता दुकानदार तें नाकारतो; त्या सीमेवरच्या ग्रहावर प्रजासत्ताकाला कोण विचारतो? मग शर्यतीवर पैज लावणें भाग पडतें, आणि त्या पैजेंत वाटोचा एक लहान गुलाम मुलगा सुटतो. त्याची आई सुटत नाहीं. पुढें त्या मुलाचें जें होतें, त्यानें अनेक ग्रहांवर हाहाकार माजतो. एवढ्या मोठ्या कथेच्या मुळाशीं दुकानांत न चाललेलें नाणें आहे, हें पाहणाऱ्यांपैकीं कितीजणांच्या ध्यानांत राहत असेल?

२०११ सालच्या एका चित्रपटांत तर आयुष्याचा वेळ हेंच चलन आहे. पंचविसाव्या वर्षीं प्रत्येकाचें वय थांबतें आणि मनगटापाशीं एक घड्याळ उलटें चालूं लागतें. मजुरी मिनिटांनीं मिळते, चहाकॉफी मिनिटांनींच घ्यावयाची, आणि घड्याळ शून्यावर आलें कीं मरण. श्रीमंतांजवळ शतकें आहेत. एका संध्याकाळीं कथानायकाची आई कर्ज फेडून, मनगटावर सुमारें दीड तास उरवून, घरीं परत निघते. बसचें भाडें एक तास, हें तिला ठाऊक आहे. परंतु तें त्याच दिवशीं दोन तासांचें झालेलें असतें. चालक तिला घेत नाहीं. ती धांवत सुटते. मुलगा समोरून धांवत येतो. दोघांची गांठ पडते ती एका क्षणाच्या उशिरानें.

या चित्रपटांत दोष पुष्कळ आहेत, आणि उत्तरार्ध तर आम्हांस पोरकट वाटला. पण तो बसचा प्रसंग आम्ही दुसऱ्यांदा पाहूं शकलों नाहीं. काल जें पुरेसें होतें तें आज पुरत नाहीं; भाव कोणीं वाढविला, कोणाच्या सोयीसाठीं, हें त्या बाईस कोणीं सांगितलेलें नाहीं. चालकाच्या जागीं आम्हांस भलताच कोणी तेरा वर्षांचा मुलगा बसलेला दिसला.

शेवटीं एका भागाविषयीं लिहितों. आमच्या मतें या विषयावरचें तें सर्वांत सुंदर लेखन. 'डीप स्पेस नाइन' ही 'स्टार ट्रेक'चीच एक शाखा. हा भाग १९९७ सालचा. युद्धाच्या छायेमुळें एका अंतराळस्थानकाचा अधिपती सिस्को खिन्न झाला आहे. त्याच्या जेक नांवाच्या मुलास लिलावांत १९५१ सालचें एक जुनें बेसबॉलचें चित्रकार्ड दिसतें. विली मेज या प्रख्यात खेळाडूचें. वडिलांस तो खेळ प्राणाहून प्रिय. कार्ड त्यांना द्यावें, म्हणजे ते हंसतील, एवढीच मुलाची इच्छा. परंतु जेक पैसा नसलेल्या जातींतला! भिंतींतलें यंत्र त्याला हुबेहूब कार्ड देईल, तें खरें कार्ड मात्र देणार नाहीं. तो आपल्या नोग या फेरेंगी मित्राकडे जातो. तुम्हीं पैसा टाकून दिलांत, त्यांत माझा काय दोष, असें नोग त्याला सुनावतो, आणि तरीही आपली सारी शिल्लक त्याच्या स्वाधीन करतो. एवढें करूनही कार्ड दुसराच कोणी घेऊन जातो. तो त्याच्या मोबदल्यांत कांहीं साहित्य मागतो, आणि तें मिळविण्यासाठीं दोघे मित्र स्थानकभर हिंडतात: एकाचें राहिलेलें काम करून देतात, एकीचें भाषण लिहून देतात, एकाच्या आवडत्या संगीताच्या मुद्रिकेंतील खरखर काढून देतात, डॉक्टरचें लहानपणचें कापडी अस्वल परत आणून देतात. नाण्यावांचून, एकेकास हवें तें देत देत, ते कार्डापर्यंत पोहोंचतात. आणि वाटेंत, त्यांच्या नकळत, ज्याच्या त्याच्या मनावरचा भार थोडा हलका होत जातो. सिस्को कार्ड पाहून हंसतो.

हा भाग आम्हीं एकट्यानें पाहिला, आणि संपल्यावर कपाटाचा खालचा कप्पा उघडला. काळ्या मुठीचें भिंग तेथें इतकीं वर्षें पडून होतें. आमच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते आणि धारकास रक्कम देण्याचें वचन असतें. चिंचोक्यावर तारीख नव्हती हें खरें; सहीही नव्हती, म्हणून आम्ही सुटलों होतों.

गेल्या दिवाळींत भाऊ सहकुटुंब घरीं आला. फराळ झाल्यावर आम्हीं भिंग त्याच्यापुढें ठेवलें. त्यानें तें उचललें, फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरविला, आणि खिडकींतल्या उन्हांत धरून आपल्या तळहातावरच्या रेषा बराच वेळ पाहिल्या. त्याची मुलगी डोकावूं लागली, तिलाही दाखविल्या. मग तें परत आमच्या मेजावर ठेवून तो म्हणाला, "दादा, हें मीं विकलें होतें. परत घ्यायला माझ्याजवळ आतां तीनशें चिंचोके कुठें आहेत?"

तो हंसत होता. आम्हांस मात्र तें हंसणें कोणत्या भावानें घ्यावें हें कळेना. आजोळची चिंच रस्तारुंदींत गेली. भिंग अजून मेजावर आहे. हा मजकूर लिहितांना कागद उडूं नये म्हणून आम्हीं तें त्यावर ठेवलें आहे.